रोज २२ सेकंद पुढे जाणारं घड्याळ: झाकण उघडण्याआधी आणि उघडल्यावर

प्रश्न असा आहे: दोन वर्षांचं ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ रोज साधारण २२ सेकंद पुढे जातं. आठवड्याला अडीच मिनिटं होतात आणि दर रविवारी काटे मागे घ्यावे लागतात. झाकण उघडून आतला बारीक दांडा घरच्या घरी सरकवता येईल का, तो कुठल्या बाजूला सरकवायचा, आणि त्यासाठी टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून चाल मोजणारं उपकरण, विकत घ्यायलाच हवा का?

सरकवता येईल. हाताला कंप नसेल, डोळ्याला लावायचं भिंग असेल आणि मागे कसली घाई नसेल, तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. पण त्या अर्ध्या तासाच्या आधी आठ-दहा दिवसांचं दुसरं काम आहे आणि ते झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका, हे मी कळकळीनं सांगतो. वीस-बावीस वर्षं मी घड्याळं उघडतो आहे. घरी बिघडवून माझ्याकडे आलेल्या घड्याळांपैकी बहुतेकांच्या मालकांचा हात चांगला होता. निदान मात्र कुणी केलेलंच नव्हतं.

आधी २२ सेकंद म्हणजे किती ते पाहू. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे तुमचं घड्याळ चार हजार सेकंदांमागे एका सेकंदाच्या आसपास चुकतंय. तासाला २१,६०० ठोके देणारं यंत्र असेल, तर सेकंदाला सहा आणि दिवसाला पाच लाखांवर ठोके पडतात. एवढ्या ठोक्यांत एवढीच चूक होणं, हेच मुळात मोठं काम आहे. सायकोच्या एनएच३५ सारख्या घराघरांत पोचलेल्या यंत्राला कारखानाच दिवसाला वजा २० ते अधिक ४० सेकंदांची सूट देतो. स्विस क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देणारी सीओएससी ही संस्था यंत्र पाच स्थितींत आणि तीन तापमानांत पंधरा दिवस तपासते. तिथेही सरासरी चालीला वजा ४ ते अधिक ६ एवढी मोकळीक असतेच. तेव्हा तुमचं घड्याळ बिघडलेलं नाही, त्याची चाल फक्त जुळवलेली नाही. आणि घरी हात लावायला असंच घड्याळ योग्य.

आता आत काय चालतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बॅलन्स व्हील म्हणजे मागेपुढे फिरणारं छोटं चाक. त्याला दर वेळी परत आणते ती हेअरस्प्रिंग, केसासारख्या बारीक पट्टीची गुंडाळी. ही जोडी डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सनं १६७५ मध्ये मांडली आणि आजही खिशातल्या-मनगटावरच्या किल्लीच्या घड्याळाची चाल तीच ठरवते. हेअरस्प्रिंगचं आतलं टोक बॅलन्सच्या दांडीला बसवलेलं असतं आणि बाहेरचं टोक स्टड नावाच्या छोट्या खुंटीत पक्कं केलेलं असतं. स्टडच्या थोडं अलीकडे दोन बारीक पिनांमधून हा बाहेरचा वेढा जातो. त्या पिना ज्या दांड्यावर आहेत तो रेग्युलेटर. तो सरकवला की हेअरस्प्रिंगचा काम करणारा भाग लांब किंवा आखूड होतो. आखूड झाला की चाक लवकर परतायला लागतं आणि घड्याळ पुढे जातं. लांब झाला की मागे पडतं. बस, एवढंच.

रेग्युलेटर काय करू शकत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. घड्याळ आडवं ठेवलं तर एक चाल असते, उभं ठेवलं तर दुसरी, चावी, म्हणजे कडेची गोल खुंटी, वर असताना तिसरी. रेग्युलेटर या सगळ्या चाली एकत्र उचलून एका बाजूला सरकवतो. त्यांच्यातलं अंतर तो कमी करत नाही. तबकडी वर असताना अधिक २८ आणि चावी वर असताना अधिक ११ असेल, तर दांडा कितीही नेमका सरकवा, ते १७ सेकंदांचं अंतर जवळपास तसंच राहणार. ते कमी करायचं तर बॅलन्सचा तोल, हेअरस्प्रिंगचा आकार, पिनांमधली फट आणि तेलपाणी यांत शिरावं लागतं. ते टेबलावर बसून शिकायचं शास्त्र आहे, घरच्या अर्ध्या तासात होणारं नाही.

म्हणून आधी वही. रोज ठरलेल्या एकाच वेळी, समजा सकाळी आठला, फोनवरच्या नेटवर्कच्या वेळेशी ताडून फरक लिहा. काटे मिळवायचे नाहीत, चावी ओढायची नाही, फक्त फरक लिहायचा: अधिक १४, अधिक ३७, अधिक ५८. आज आणि काल यांची वजाबाकी म्हणजे त्या दिवसाची चाल. सोबत रात्री घड्याळ कसं ठेवलं होतं तेही लिहा. पहिले तीन दिवस तबकडी वर, पुढचे तीन दिवस चावी वर करून उभं, मग तीन दिवस चावी खाली. दहा दिवसांत तुमच्या घड्याळाचा स्वभाव कागदावर उतरतो. आकडे रोज जवळपास सारखे येत असतील, तर पुढे जायला हरकत नाही. एक दिवस अधिक ५, दुसऱ्या दिवशी अधिक ४०, तिसऱ्या दिवशी वजा १० असं काही दिसलं, तर तिथेच थांबा. अशा घड्याळात रेग्युलेटर हलवणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला थर्मामीटर बदलून देणं. त्याला सर्व्हिसिंग हवं आहे.

या वहीतून कधीकधी झाकण न उघडताच प्रश्न सुटतो. रात्री ठेवण्याची पद्धत बदलून दिवसाचे पाच-सहा सेकंद इकडचे तिकडे करता येतात. तुमच्या २२ ला ते पुरणार नाही, पण दांडा सरकवल्यावर जो उरलासुरला फरक राहील, त्यासाठी हीच युक्ती कामी येईल.

आता चुंबक. घड्याळ अचानक पुढे जायला लागलं असेल, काल-परवापर्यंत नीट होतं आणि आता रोज मिनिटामिनिटानं पळतंय, तर पहिला संशय चुंबकाचा. हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकानं एकमेकांना चिकटतात, काम करणारी लांबी एकदम घटते आणि घड्याळ धावत सुटतं. एका गृहस्थांचं घड्याळ रोज सहा मिनिटं पुढे जात होतं. त्यांनी स्वतः झाकण उघडून दांडा वजाकडे अगदी टोकाला नेला, तरी चार मिनिटं उरलीच. चौकशीत कळलं की रात्री ते घड्याळ टॅबलेटच्या चुंबकी कव्हरवर ठेवत असत. मी चुंबकत्व काढलं आणि तेच घड्याळ रोज दोन मिनिटं मागे पडायला लागलं, कारण दांडा टोकाला होता. तो मूळ जागी आणला आणि काम संपलं. उघडायची गरजच नव्हती. जुन्या पोलादी हेअरस्प्रिंगला उष्णतेचाही त्रास होई. शार्ल एदुआर गिय्योम यांच्या निकेल-पोलादावरच्या कामानं तो त्रास दूर होण्याची वाट मोकळी केली आणि त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणून आज उन्हाथंडीची काळजी फारशी करावी लागत नाही, चुंबकाची मात्र करावी लागते: स्पीकर, पर्सचं चुंबकी बक्कल, इअरफोनची डबी, फोनचं कव्हर.

तपासायला साधं होकायंत्र पुरतं. घड्याळ हळूच जवळ न्या आणि सुई थरथरते का पाहा. बॅलन्सच्या लयीत हलली तर खात्रीच समजा. चुंबकत्व काढायचा छोटा डिमॅग्नेटायझर मिळतो, बटण दाबून धरायचा. त्यात एकच चूक होते आणि सगळे करतात. घड्याळ त्याच्यावर असतानाच बटण सोडतात. बटण दाबलेलंच ठेवायचं, घड्याळ सावकाश सरळ वर उचलत हातभर लांब न्यायचं, आणि मगच बटण सोडायचं. जवळ असताना सोडलं, तर पूर्वीपेक्षा जास्त चुंबकत्व आत शिरू शकतं.

टाइमग्राफरबद्दल. एकाच घड्याळासाठी तो घेणं गरजेचं नाही. वही आणि धीर असेल तर दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं सरकवून जमतं. फोनवरची अ‍ॅपंही शांत खोलीत चालीचा बऱ्यापैकी अंदाज देतात. पण दोन-तीन घड्याळं असतील आणि हा नाद लागणार असं वाटत असेल तर जरूर घ्या, कारण तो चालीखेरीज आणखी दोन गोष्टी सांगतो आणि त्याच निदानाला लागतात. एक, अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश फिरतो. पूर्ण चावी दिलेलं निरोगी घड्याळ आडवं असताना साधारण २७० ते ३१० अंश दाखवतं, उभं केल्यावर थोडं उतरतं. पूर्ण चावीवर आडव्या स्थितीतही २२० च्या खाली असेल, तर आतलं तेल सुकलंय किंवा घाण झालीय. तिथे रेग्युलेटरला हात लावायचा नाही. दुसरी, बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्या मधल्या वेळेतला फरक. तो एक मिलिसेकंदाच्या आत असेल तर घरच्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

टाइमग्राफरवर लिफ्ट अँगल, म्हणजे धक्का मिळताना बॅलन्स जितके अंश फिरतो तो कोन, भरावा लागतो. बहुतेक टाइमग्राफरवर तो आधीच ५२ असतो. एनएच३५ ला ५३, ईटीए २८२४ या स्विस यंत्राला ५०. तो चुकला तर अँप्लिट्यूड चुकीचं दिसतं, चाल मात्र बरोबरच दिसते, म्हणून तुमचा आकडा माहीत नसला तरी घाबरू नका. मोजण्याआधी पूर्ण चावी द्या आणि अर्धा तास जाऊ द्या. काही ऑटोमॅटिक यंत्रांना हातानं चावी बसत नाही, सायकोचं ७एस२६ तसंच आहे. ते हलकं हलवून किंवा तासभर चालून भरायचं. प्रत्येक स्थितीत ठेवल्यावर अर्धा मिनिट सोडून द्या, मग मिनिटभर वाचा. आणि चोवीस तासांनी, चावी उतरलेली असताना, पुन्हा एकदा मोजा.

समजा आकडे असे आले: तबकडी वर अधिक २८, तबकडी खाली अधिक २६, चावी खाली अधिक १९, चावी डावीकडे अधिक १७, चावी वर अधिक ११. मनगटावर दिवसभरातली सरासरी वहीवरून अधिक १९ निघते. रात्रीचे आठ तास तबकडी वर, म्हणजे २८ चा एक तृतीयांश, साधारण ९. दिवसाचे सोळा तास १९ ने, म्हणजे साधारण १३. बेरीज २२. हेच तुमचे २२.

इथे बहुतेक लोक तबकडी वर ठेवून दांडा सरकवतात आणि यंत्रावर शून्य दिसलं की झाकण लावतात. तसं केलं तर २८ उतरतात, मनगटावरची चाल वजा ९ होते आणि घड्याळ रोज सहा सेकंद मागे पडायला लागतं. मागे पडणारं घड्याळ मनाला जास्त टोचतं, गाडी चुकते ती त्यामुळेच. त्याऐवजी २० उतरवा. तबकडी वर अधिक ८ दिसेल, मनगटावर वजा १, दिवसाची बेरीज अधिक २ च्या आसपास. महिन्यानं मिनिटभर पुढे गेलं, की पंधरा-सोळा रात्री चावी वर करून उभं ठेवायचं. त्या स्थितीत चाल वजा ९, म्हणून अशा दिवसाची बेरीज वजा ४ कडे झुकते आणि घड्याळ हळूहळू मागे येतं. टाइमग्राफरवरचं शून्य हे कधीच लक्ष्य नसतं. लक्ष्य असतं ते तुमच्या मनगटावरचं.

आता झाकण. पंखा बंद करा. टेबलावर कडा असलेला ट्रे, त्यात पांढरा स्वच्छ कागद. बोटांना रबरी टोपणं. धूळ उडवायला रबरी फुगा. तोंडानं फुंकू नका, फुंकरीबरोबर ओलावा आत जातो. झाकण आट्यांचं असेल तर आधी रबरी चिकट चेंडू दाबून फिरवून पाहा, पुष्कळदा तेवढ्यानं निघतं आणि ओरखडा येत नाही. दाबून बसवलेलं असेल तर कडेला एक बारीक खाच असते, सुरीचं पातं तिथेच, दुसरीकडे कुठेही नाही. झाकण निघालं की रबरी गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी गोल पट्टी, कुठे आहे ते आधी पाहा. ती झाकणाला चिकटून येते, नाहीतर काठावर उभी राहते आणि नकळत खाली पडते.

ऑटोमॅटिक घड्याळात वर रोटर असतो, हाताच्या हालचालीनं फिरून चावी भरणारं वजन. तो लाकडी काडीनं बाजूला सारा आणि मग बॅलन्सवर भिंग न्या. इथे घाई करू नका, दोन मिनिटं नुसतं बघा. हेअरस्प्रिंग श्वास घेतल्यासारखी फुलते आणि आवळते, वेढे एकमेकांपासून सारख्या अंतरावर असतात, कुठेही एकमेकांना शिवत नाहीत. अजूनही रोज सकाळी पहिलं घड्याळ उघडलं की मी एवढं बघून घेतो. वेढे एका बाजूला गोळा झालेले दिसले, सपाट न राहता छत्रीसारखे उचललेले दिसले किंवा तेलाचा चकाकता डाग दिसला, तर झाकण परत लावा आणि घड्याळजीकडे जा.

सगळं ठीक दिसलं तर दांडा शोधा. इथे दोन दांडे असतात आणि घरच्या बहुतेक चुका त्यांच्या अदलाबदलीतून होतात. ज्याच्या टोकाला हेअरस्प्रिंग पक्की बसवलेली आहे तो स्टडचा. तो हलवला की बीट एरर बदलतो आणि चालही विस्कटते. ज्याच्या पिनांमधून हेअरस्प्रिंग नुसती जाते तो रेग्युलेटर, आपल्याला हवा तो. शेजारी अधिक-वजाची खूण असते, कधी एफ-एस, म्हणजे फास्ट-स्लो, जुन्या यंत्रांवर ए-आर, म्हणजे फ्रेंचमधलं पुढे आणि मागे. तुमचं घड्याळ पुढे जातंय, म्हणून वजाकडे, एसकडे किंवा आरकडे. काही यंत्रांत रेग्युलेटरच्या शेपटाला बारीक स्क्रू असतो. तो असेल तर दांड्याला हातच लावायचा नाही, स्क्रूच अगदी थोडा फिरवायचा. आणि पिनांच्या डोक्यावर खाच दिसली तर ती फिरवायची नाही. तिनं पिनांमधली फट बदलते आणि मग आडवी-उभी चाल जी काही जुळलेली होती तीही जाते.

हलवायला टोकदार लाकडी काडी घ्या, धातूचा चिमटा नको. शिकत होतो तेव्हा माझा पोलादी चिमटा दांड्यावरून निसटला आणि हेअरस्प्रिंगच्या बाहेरच्या वेढ्याला लागला. आवाजसुद्धा झाला नाही. गुंडाळी एका बाजूला कलंडली आणि तो वेढा सरळ करण्यात माझे दोन दिवस गेले. काडी निसटली तर तीच मोडते.

मनगट ट्रेच्या कडेवर टेकवा. काडीचं टोक दांड्याच्या बाहेरच्या टोकाला लावा, बॅलन्सपासून जितकं दूर तितकं बरं. आणि ढकलू नका, नुसता दाब वाढवत न्या. एक क्षण काहीच होत नाही, मग दांडा किंचित सुटल्यासारखा वाटतो. तेवढंच. तो हलल्याचं डोळ्याला स्पष्ट दिसलं, तर बहुधा जास्त हलला. दिसण्याइतक्या सरकण्यानं ३०-४० सेकंदांचा फरक सहज पडतो. दर वेळी दाब काढून घ्या, टाइमग्राफरवर अर्धा मिनिट थांबा, मग वाचा. २८ वरून ८ वर यायला मला साधारण तीन-चार टप्पे लागतात, क्वचित पहिल्याच खेपेला वजा १५ होतं आणि परत यावं लागतं. टाइमग्राफर नसेल तर एकच टप्पा करा, झाकण लावा, तीन दिवस वही लिहा, मग पुढचा.

काही घड्याळं मात्र घरी उघडूच नयेत. ज्यांत रेग्युलेटरच नसतो, बॅलन्सच्या कडेवरचे बारीक वजनी स्क्रू फिरवून चाल जुळवतात, त्यांना खास हत्यार लागतं. वॉरंटीतलं घड्याळ नको, उघडल्याची खूण राहते आणि हक्क जातो. आणि जुनी, १९६० च्या दशकापर्यंतची, अंधारात चमकणाऱ्या अंकांची घड्याळं तर नकोच. त्या रंगात रेडियम असू शकतं. रंग आता चमकत नसला तरी रेडियम तिथेच असतं, त्याला निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात. तपकिरी पडून सुटलेल्या रंगाची पूड श्वासातून आत जाणं हा खरा धोका आहे. ते काम अशी घड्याळं हाताळण्याची सोय असलेल्या माणसालाच द्या.

झाकण लावण्याआधी पुन्हा फुगा मारा, गॅस्केटवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, ती खाचेत सपाट बसलीय हे भिंगातून पाहा. चेपलेली किंवा चिरलेली असेल तर नवी घाला. आट्यांचं झाकण आधी उलटं फिरवा, आटा खाली बसल्याचा हलका टक्क जाणवेल, मग सरळ आवळा. दाबून बसणाऱ्या झाकणाची चावीच्या दांडीसाठीची खाच बरोबर चावीसमोर आणा. नुसत्या अंगठ्यानं बसलं नाही तर जोर करू नका, प्रेसनं दाबून घ्या. तिरक्या दाबानं पुढची काच तडकलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

घड्याळ पाण्यात वापरत असाल, तर एकदा प्रेशर टेस्ट करून घेईपर्यंत ते हात धुतानाही काढून ठेवा. आणि वही टाकू नका. पुढचे सात दिवस त्याच वेळी फरक लिहा. आकडा अधिक ५ च्या आत स्थिर दिसला, तर आणखी दोन सेकंद मिळवण्यासाठी झाकण पुन्हा उघडू नका.